भिंत नसलेलं तळं

माझा धाकटा भाऊ लडाखमध्ये रस्त्याच्या कामावर टिपर चालवत होता. एका हिवाळ्यात त्याचा टिपर तिथल्या एका तळ्याच्या काठावर उभा सापडला. इंजिन बंद होतं. दार नीट लावलेलं होतं आणि किल्ली आतच होती. जाड जाकीट शेजारच्या सीटवर ठेवलेलं होतं. तो मात्र नव्हता. तळं गोठलेलं होतं.

त्याच्याबरोबरच्या मजुरांनी सांगितलं की तो अधूनमधून बर्फावर चालायला जायचा. हे आम्हाला माहीत होतं. आठवडाभर आधी त्याने घरी एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात त्याचे बूट दिसतात, बुटांखाली काळसर निळा बर्फ दिसतो आणि त्याचा आवाज येतो, "आई, बघ, पाण्यावर चालायलोय." पुढे तो हसतो आणि व्हिडिओ संपतो. आईने तो एकदाच पाहिला. भावजय आवाज बंद करून पाहायची.

बर्फ असेपर्यंत जेवढा शोध घेता आला तेवढा घेतला गेला. वसंतात बर्फ वितळला तेव्हा पुन्हा काठ पाहिले गेले. काही मिळालं नाही. पोलिसांच्या कागदात शब्द राहिला तो 'बेपत्ता'. मी लातूरला एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर काम करतो. आमच्या पेपरातही बातमी आली, एका कॉलमची. ती मी केली नव्हती. छापून आल्यावर वाचली. तिच्यात चूक नव्हती.

घरात त्यानंतर आम्ही तिघं होतो. आई, मी आणि भावजय. भावजय नायगावची. लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. लेकरू नव्हतं. ती लातूरला एका कोचिंग क्लासच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचं काम करते. आईला ती आत्या म्हणते, मला दादा.

आजोबांच्या पिढीत आमच्या घराने धम्म स्वीकारला. माणूस गेल्यावर आमच्यात जलदान विधी होतो. तांब्यातलं पाणी घरातले लोक मिळून धरतात आणि ताटात ठेवलेल्या पेल्यात संथ धारेने सोडतात. पेला भरतो, ओसंडतो, ताट भरतं. उंचावरचं पाणी जसं सखलाकडे जातं तसं घरच्यांचं पुण्य गेलेल्याकडे पोचतं, असा त्याचा अर्थ सांगतात. लातूरला टँकरच्या उन्हाळ्यात हा विधी वाटीभर पाण्यावर उरकलेला मी पाहिला आहे. पण पाणी सोडल्याशिवाय माणूस गेला असं कुणी धरत नाही. आमच्या पेपरात पुण्यानुमोदनाच्या छोट्या जाहिराती येतात, नावाआधी 'कै.'ऐवजी 'कालकथित' असं लिहिलेल्या. ते लिहायलाही आधी पाणी सोडलेलं असावं लागतं.

आई पाणी सोडायला तयार नव्हती.

तिचं म्हणणं साधं होतं. आमचं मूळ गाव चाकूर तालुक्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला साठवण तलाव आहे. आमच्या भागात तळं म्हणजे हेच असतं. दोन टेकाडांच्या मध्ये घातलेली मातीची भिंत, भिंतीला आतून पिचिंग म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, एका टोकाला जास्तीचं पाणी जायला सांडवा. कुणी बुडालं तर लोक थोडा वेळ पाण्यात शोधतात, मग भिंतीवर जाऊन बसतात. पाण्यावर पडलेलं सगळं वारा भिंतीकडे लोटतो. पानं, शेवाळ, चपला. दोन-तीन दिवसांत माणूसही तिथेच येतो. 'भिंतीला लागला' एवढं कुणी म्हटलं की गावात पुढचं विचारत नाहीत, लाकडं गोळा करायला लागतात.

"बर्फ वितळून किती दिवस झाले," आई म्हणायची. "लागला का भिंतीला? न्हाई ना. मग तो त्यात न्हाईच."

"आई, मोठं तळं आहे ते."

"मोठ्या तळ्याला मोठी भिंत. पोलिसांनी भिंतीवरून बघितलं का, ते विचार आधी. काठाकाठानं हिंडून काय सापडतंय."

मी नकाशा पाहिला होता. डोंगरांतून गेलेली निळी पट्टी, आणि तिच्यावरून आडवी गेलेली सीमेची रेघ. पट्टीचा निम्म्याहून जास्त भाग रेघेच्या पलीकडे होता. भिंत दिसत नव्हती. पण नकाशात आमच्या गावच्या तलावाचीही दिसत नाही. मी तो विषय वाढवला नाही. त्या तळ्याचं नाव आईला उच्चारता येत नव्हतं. आमच्या घरात ते 'तिकडचं तळं' राहिलं.

असं बरेच दिवस चाललं. मग नायगावहून भावजयीचे वडील आले. त्यांनी एक स्थळ पाहिलं होतं. त्यांच्याच तालुक्यातला माणूस, झेडपीच्या शाळेत शिक्षक, बायको आजारात गेलेली. त्याला भावजय पसंत होती आणि तिचीही ना नव्हती. अडचण एकच होती. आधी जलदान व्हावं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. जित्या माणसाची बायको आणली असं उद्या कुणी म्हणू नये.

भावजयीच्या वडिलांनी हे हात जोडून सांगितलं. आई तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी ते तळं बघते," ती म्हणाली. "भिंतीवर उभी राहते. तिथं मला वाटलं की तो न्हाई ऱ्हायला, तर तिथंच पाणी देते. मग तुम्ही पोरगी घेऊन जा."

"आत्या, तिथं श्वास लागतो म्हणतात," भावजय म्हणाली.

"इथं काय लागत न्हाई का?"

गावच्या बौद्धाचार्यांनी मला विधीचे शब्द नीट म्हणून दाखवले, माझ्याकडून म्हणून घेतले. भन्तेजी तिथे मिळाले नाहीत तरी चालेल, घरातल्या कुणी म्हटलं तरी पोचतं, असं ते म्हणाले. घरातल्या सगळ्यांचा हात तांब्याला लागला पाहिजे, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. भावजयीने तांब्या, पेला, ताट, मेणबत्त्या आणि पांढरं कापड एका पिशवीत भरलं.

आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो. लेहला हवा अंगवळणी पडावी म्हणून आधी मुक्काम केला. आई खोलीच्या खिडकीशी बसून डोंगर पाहायची. "एक झाड न्हाई," ती म्हणाली. "आपल्याकडं म्हणतात दुष्काळ." मग आमचा परवाना झाला आणि लेहच्याच एका पन्नाशीच्या ड्रायव्हरच्या गाडीतून आम्ही निघालो. वाटेतल्या घाटात बर्फ होता. आईने काच खाली करून त्याला हात लावला आणि काच वर केली.

तळ्याच्या अलीकडच्या गावात आमची राहायची सोय एका घरात केली होती. ड्रायव्हरने फोनवरून घरमालकिणीला कळवलं होतं की महाराष्ट्रातून माणसं येताहेत, त्या बेपत्ता टिपरवाल्याच्या घरची. ती दारातच उभी होती. सत्तरीच्या पुढची असावी. केसांच्या दोन बारीक वेण्या, लोकरी झगा. आम्हाला पाहून ती हसली आणि म्हणाली,

"लई थंडी हाय."

'लई' लांबवलेलं, 'हाय' खाली सोडलेलं. आमच्या गावाकडे असंच बोलतात. पण त्यातही प्रत्येकाची एक ओढ असते, आणि ही ओढ माझ्या भावाची होती. भावजयीने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. आई पायरीच्या खाली होती, तिथेच थांबली.

ड्रायव्हरने म्हातारीला विचारून खुलासा केला. भाऊ कामावरून जाता येता इथे चहाला थांबायचा. आत येताना बूट आपटायचा आणि दरवेळी हेच म्हणायचा. म्हातारीला वाटलं, तिकडच्या लोकांचा हा नमस्कार असेल. म्हणून तिने तो शिकून घेतला होता.

"फिरसे बोलो, माय," आई म्हणाली.

म्हातारीने पुन्हा म्हटलं.

"फिरसे."

तिसऱ्यांदा म्हणताना म्हातारीचं हसू गेलं होतं. काहीतरी चुकलं आहे हे तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. आई पायरी चढून आत गेली.

आत मधोमध लोखंडी शेगडी होती आणि भिंतीलगत गाद्या. एका कोनाड्यात बुद्धाची मूर्ती होती, तिच्यापुढे पितळी वाट्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत काठोकाठ पाणी. आईने वाकून वंदन केलं. म्हातारीनेही केलं. मग दोघी शेगडीशी समोरासमोर बसल्या. आईची हिंदी उदगीरच्या बाजारातली, म्हातारीची फौजींकडून ऐकलेली.

"वो किधर बैठता था?"

म्हातारीने शेगडीच्या डाव्या हाताची गादी दाखवली. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. नंतरही आमच्यापैकी कुणी बसलं नाही.

"खाता क्या था?"

"सब खाता था. नमकीन चाय नहीं पीता था." म्हातारीने तोंड वाकडं करून दाखवलं, एक डोळा मिटून. लहानपणी काढा पाजताना तो तसंच करायचा. भावजय हसली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली.

दुपारी आम्ही तळ्यावर गेलो.

तळ्याचं वर्णन करण्याचं मला कारण नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. रंग फोटोंतल्यासारखाच आहे. फोटोत येत नाही ते एवढंच की त्या पाण्याला वास नाही. आमच्याकडे पाण्याजवळ गेलं की चिखलाचा, शेवाळाचा, म्हशींचा वास येतो. तिथे काहीच येत नव्हतं. काठावर खडे होते आणि वारा होता.

टिपर जिथे सापडला ती जागा ड्रायव्हरला माहीत होती. रस्ता वळून काठाला लागतो तिथे गाडी वळवायला मोकळी जागा आहे. आई तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग तिने दोन्ही बाजूंना लांबवर पाहिलं.

"भिंत कुठंय?"

तिने ड्रायव्हरला विचारलं. "बाबा, इसकी भिंत किधर है? दीवार. बांध."

"बांध नहीं है, अम्माजी."

"फिर पाणी किसने अडवलं?"

'अडवलं' त्याला कळलं नाही. भावजयीने सांगितलं, "पानी रोका किसने, पूछ रही हैं."

"किसी ने नहीं. ऊपरवाले ने."

"जास्ती हुआ तो किधर से जाता?"

"कहीं नहीं जाता. इसमें से पानी बाहर नहीं निकलता, अम्माजी. धूप में जितना उड़ा, उड़ा. बाकी इधर ही रहता है."

आई खाली बसली. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. "खारट," ती म्हणाली आणि हात पदराला पुसला. मग तिने काठावरचं वाळकं गवत उपटलं, चुरगाळून हवेत सोडलं. ते आमच्या अंगावरून पाण्याकडे गेलं. तिने पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच गेलं.

"वारं पाठीकडून हाय," ती मला म्हणाली. "तिकडं लोटतंय. तिकडं काय हाय?"

"सीमा आहे. पलीकडे चीन."

"मग भिंत त्यांच्याकडं असंल."

ड्रायव्हरला 'चीन' आणि 'भिंत' एवढं कळलं. "उधर भी नहीं है, अम्माजी."

"तू जाके आया क्या?"

"नहीं."

"तो फिर."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मदतीला जाऊ शकलो नाही. त्याने पाहिलं नव्हतं, मीही पाहिलं नव्हतं. आईचा आक्षेप बरोबर होता. डेस्कवर वार्ताहरांच्या बातम्यांवर मी रोज तोच घेतो.

"मला तिकडच्या टोकाला ने," ती मला म्हणाली.

"जाऊ देत नाहीत."

"पेपरवाले म्हणून सांग."

"कुणालाच देत नाहीत, आई."

"वाऱ्याला देतात," ती म्हणाली.

त्याच वेळी भावजयीच्या फोनवरचं घड्याळ एकदम दोन-अडीच तासांनी पुढे गेलं. तिने तो हलवून पाहिला. ड्रायव्हर म्हणाला, असं इथे कधी कधी होतं, फोन पलीकडचा सिग्नल पकडतो आणि तिकडची वेळ लागते. भावजयीने ते आईला सांगितलं. तिला ते गमतीचं वाटलं असावं, निदान सांगताना तसं वाटत होतं.

"म्हंजी फोन जाऊन आला," आई म्हणाली. तिने फोन हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "आन् माणूस जाऊन अडकला असंल तर?"

आम्ही गाडीत बसलो. या प्रवासाने काय होईल याबद्दल माझा अंदाज होता. तळं डोळ्यांनी पाहिल्यावर आई मानेल, असं मी धरलं होतं. भावजयीच्या वडिलांनी तसंच धरलं होतं. घडलं ते उलट. लातूरहून निघताना तो जिवंत असल्याचं आईकडे एकच कारण होतं, तो भिंतीला लागला नव्हता. आता भिंतच नव्हती. तो त्या पाण्यात असेल तर बाहेर कधीच येणार नव्हता. पलीकडे लागला असेल तर सांगायला कुणी येणार नव्हतं. आणि पलीकडे चालत गेला असेल तर, हे तिसरं कारण तिला फोनने दिलं होतं.

संध्याकाळी ऊन डोंगरावर चढलं तेव्हा मी घराच्या अंगणात होतो. भावजय बाहेर आली. तिने आईची शाल पांघरली होती.

"दादा, आता त्या कधीच पाणी द्यायच्या न्हाईत."

"उद्या सकाळी बघू. मी बोलतो आईशी."

"नका बोलू. तुम्ही बोललात की त्या बातम्या ऐकल्यागत ऐकतात. झाल्या की उठून जातात." तिने शाल घट्ट ओढून घेतली. "मी त्यांना दोष देत न्हाई. मला बी आज क्षणभर तसंच वाटलं. त्या म्हातारीनं तोंड वाकडं केलं तव्हा मला वाटलं, हा आत कुठंतरी बसलाय. पण मला कुणीतरी सांगावं ना, मी कोण हाय. नवरा असलेली का नसलेली. हॉस्टेलच्या पोरी विचारतात, मी विषय बदलते. किती दिवस बदलू."

मी म्हणालो, नायगावचे लोक समजून घेतील.

"समजून घेतील. पण वाट न्हाई बघणार. त्यांनी कामून बघावी?"

आतून आईचा आवाज येत होता. ती म्हातारीला काहीतरी विचारत होती आणि म्हातारी तेच तीन शब्द पुन्हा म्हणत होती. या वेळी कुणी तिला थांबवलं नाही. ते ऐकताना मला दाराकडे पाहणं टाळावं लागलं. मी पाहिलं असतं तर दारात कुणी उभं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी टाळलं.

सकाळी वारा बराच कमी झाला होता. आईच म्हणाली, "चला, पिशवी घ्या." आम्ही पुन्हा त्याच जागेवर गेलो. भावजयीने खड्यांवर पांढरं कापड अंथरलं, ताट ठेवलं, ताटात पेला. मेणबत्ती तीन वेळा विझली, मग मी ती पिशवीच्या आडोशाला लावली. तांब्या भरायला भावजय पाण्यात घोट्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिचे पाय लाल झाले होते. ड्रायव्हर गाडीपाशी टोपी काढून उभा राहिला.

मी त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. दोघींनी मागून म्हटलं. आईचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. मग भावजयीने तांब्या उचलला, आईने तिच्या हातावर हात ठेवला आणि मी शेवटी माझा ठेवला. तांब्याचा गारवा तिघांच्या हातांतून येत होता. मी विधीचे शब्द सुरू केले.

आईने हात काढून घेतला.

मी थांबलो. भावजय तांब्या तसाच धरून होती.

"काय झालं, आत्या?"

"तू दे," आई म्हणाली.

"आन् तुम्ही?"

"मी न्हाई."

"मग कसं व्हावं? सगळ्यांचा हात लागतो."

"तुझा नवरा गेला," आई म्हणाली. तिने हे भावजयीच्या तोंडाकडे पाहून म्हटलं, हळू आणि नीट, गावात कुणाच्या घरी पहिल्यांदा निरोप सांगतात तसं. "ऐकलंस का? तुझा नवरा गेला. दे त्याला पाणी. माझा पोरगा हाय का न्हाई, ते माझं मी बघीन."

भावजय रडली नाही. आईकडे पाहत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून तांब्यावर होता. सगळ्यांचा हात लागला नाही तर काय, हे मी बौद्धाचार्यांना विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

"म्हण रं पुढं," आई मला म्हणाली. "पोरीचे हात गारठले."

मी म्हटलं. भावजयीने धार सोडली. पेला भरला, ओसंडला, ताट भरलं, आणि ताटाच्या कडेवरून पाणी कापडावर आणि कापडातून खड्यांत गेलं. तिने तांब्या रिकामा होईपर्यंत धरला. शेवटी शेवटी तांब्या खाली यायला लागला, तेव्हा आईने तिचं कोपर खालून धरलं. तांब्याला मात्र हात लावला नाही.

झाल्यावर आईने ताट पदराने पुसलं, पेला त्यात ठेवला आणि पिशवीत भरलं. "चला," ती म्हणाली. "म्हातारीनं चहा ठेवला असंल."

निघताना म्हातारी दारापर्यंत आली आणि निरोपालाही तिने तेच म्हटलं. आईने तिचे दोन्ही हात धरले. "हाव," ती म्हणाली. "लई हाय."

परतीच्या वाटेवर लेहला फोन लागायला लागला तेव्हा आईने माझ्याकडून नायगावचा नंबर लावून घेतला. पलीकडे भावजयीचे वडील होते. "पाणी दिलं," ती म्हणाली. "तुमच्या पोरीनं दिलं. आता तारीख धरा." कुणाकुणाचा हात लागला हे त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. गावच्या बौद्धाचार्यांनी मला विचारलं, झालं का सगळं. मी झालं म्हणालो.

लग्न हिवाळ्यात नायगावला झालं. लहान कार्यालय होतं. वधूवर पांढऱ्या कपड्यांत होते. आई जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती आदल्या दिवशीच गेली आणि भावजयीच्या आईबरोबर लाडू वळायला बसली. लग्नाच्या दिवशी ती मुलीकडच्या बायकांत बसली होती. भावजय पाया पडायला आली तेव्हा तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला, साडीची निरी सारखी केली आणि "जा, फोटोवाला थांबलाय" म्हणाली.

जेवणाची पंगत खाली मांडी घालून होती. मी पुरुषांच्या ओळीत होतो, आई पलीकडच्या ओळीत, माझ्याकडे पाठ करून. मला तिचं सगळं ऐकू येत होतं. तिच्या शेजारी वराकडची एक बाई होती. ती आईला ओळखत नव्हती.

"मावशी, तुम्ही कुणाकडल्या?"

"मुलीकडल्या."

"लातूरच्या का? बोलण्यावरनं वाटलं." वाढप्याने भात वाढला. "लेकरं किती तुम्हाला?"

"दोन पोरं."

"काय करतात?"

"एक पेपरात हाय. एक गाडीवर हाय."

"कुठं गाडीवर?"

"तिकडं, लडाखला. बॉर्डरला."

"आगं बाई. आला न्हाई लग्नाला?"

"रजा न्हाई भेटली," आई म्हणाली.

"खरं हाय, त्यांना रजा कुठली. थंडी असंल तिकडं."

वाढपी वरण घेऊन आला. आईने पान पुढे केलं आणि त्याला बास म्हणाली.